गाडीखालची हाक

"पण बुवा, मग हाक मारली कोणी?"

निजानंदबुवांनी डोळे उघडले नाहीत. मठाच्या ओट्यावर दुपार तापली होती.

भार्गव मांद्रेकरने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याची गाडी मागून खचली होती. गॅरेजवाल्यांवर त्याचा विश्वास नव्हता. नव्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्जॉर्बर आणून तो घरच्या अंगणातच कामाला लागला. गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि खाली शिरला. शेजारच्या अण्णांनी बजावलं होतं, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नकोस, खाली ओंडके लाव. "माझं मला कळतं," म्हणून त्याने त्यांना वाटेला लावलं होतं.

घरात कोणी नव्हतं. आणि फाटकातून हाक आली, "भार्गवा!"

"चिडून बाहेर आलो, बुवा. म्हटलं, ऐन कामात कोण कडमडलं? फाटकात कोणी नाही. आणि मागे धाडकन... जॅक निसटला होता. माझी छाती होती तिथे गाडी बसली होती."

"वाचलास."

"वाचलो. पुन्हा गाडी उचलली, ओंडके लावले, काम पुरं केलं. गाडी आता लोण्यासारखी चालते. पण हाक थांबत नाही. रोज येते. आणि आता फाटकातून नाही..."

"मग?"

"गाडीखालून."

बुवांनी डोळे उघडले.

"ओ दिलीस?"

"नाही. मी कामात कुणालाच ओ देत नाही."

"आवाज कुणाचा?"

भार्गवने रस्त्याकडेच्या आपल्या गाडीकडे एकदा पाहिलं.

"माझाच."

बुवा उठले. पायऱ्या उतरून रस्त्याकडेला उभ्या गाडीपाशी गेले. छाटी आवरली, उताणे झाले आणि सरकत सरकत मागून गाडीखाली शिरले. बघता बघता पायही दिसेनासे झाले.

भार्गवला हसू आलं. मग ते विरलं.

"बुवा?"

...

गाडी कुरकुरली. नवी स्प्रिंग हळूच दबली, मागच्या सीटवर कोणी बसावं तशी. सीट रिकामी होती.

"बुवा, बाहेर या!"

उत्तर नाही. त्याने बंपरला दोन्ही हात घातले, जीव खाऊन वर ओढलं. गाडी तसूभरही हलेना.

"बुवा! पाया पडतो, बाहेर या!"

आवाज फाटला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. हाच तो आवाज. फाटकातली हाकही अशीच कळवळून आली होती. त्या दिवशी त्याला तिचा फक्त राग आला होता.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो धुळीत गुडघ्यांवर बसला.

"ओ द्या हो, बुवा... नुसती ओ द्या..."

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. स्प्रिंग पुन्हा वर आली. बुवा सरकत बाहेर निघाले. दाढीला ग्रीस लागलं होतं. उठून बसताना त्यांनी भार्गवकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यामागे पाहिलं.

"ओ का नाही दिलीत?" भार्गवने गुडघ्यांवरूनच विचारलं. "इतक्या हाका मारल्या मी..."

"हाका तुम्ही दोघे मारत होतात," बुवा म्हणाले. "कुणाला देऊ?"