उंबऱ्याची होडी

फार वर्षांपूर्वी, आपल्या खाडीवर पूल सोडा, साधा साकवही नव्हता तेव्हाची गोष्ट. करंजखोल गावात सोमा सुताराच्या घरी तो, त्याची बायको आवडा आणि त्यांची सहा वर्षांची शेवंती अशी तीनच माणसं राहायची. सोमाने खोताची पालखी फुकट घडवून द्यायला नाही म्हटलं, तेवढ्यावरून खोताने त्यांना वाळीत टाकलं. विस्तव नाही, पाणी नाही, होडी नाही.

त्यातच शेवंतीला ताप भरला. वैद्य पलीकडच्या काठाला. आवडा पोरीला खांद्यावर घेऊन, माणसं पलीकडे पोचवणाऱ्या धाकू तारीपुढे उभी राहिली.

"खोताचो हुकूम आसा, बाय," धाकू म्हणाला आणि त्याने रिकामी होडी नेली.

दुपारच्या भरतीला काठावरच शेवंतीचा जीव गेला.

दिवस घातले आणि दुसऱ्याच दिवशी आवडाने घराचं दार उतरवलं. सोमा म्हणाला, "दार काढलंस तर घरात वारो शिरतलो."

"शिरूचा ता शिरान गेला," ती म्हणाली, आणि तिने उंबराही उपटला.

उंबऱ्याचा झाला होडीचा कणा, दाराच्या झाल्या फळ्या. सोमा भोकं पाडायचा, ती काथ्याने फळ्या शिवायची. काथ्या संपला, गावात कोणी देईना. तेव्हा तिने आपले केस कापून दोरी वळली, असं म्हणतात. त्या शिवणीतून पाण्याचा थेंब कधी आत आला नाही.

त्याच वर्षी खाडी गावात शिरली. धाकूची होडी आपटून फुटली. माणसं माडांवर चढली, आणि आवडा होडी घेऊन त्यांना उतरवायला निघाली. आवडाची होडी तिघांपुरती, पण माणूस चढला की ती वीतभर वाढायची, असं म्हणतात. शेवटी धाकूला घेतलं, त्याच्यामागून खोताला. घाईत खोताने मधल्या लाकडावर पाय दिला, आणि होडी भर पाण्यात रुतल्यासारखी थांबली.

"तो उंबरो आसा, खोतांनू," आवडा म्हणाली. "माझी शेवंती थयच बसान खेळायची."

"कोण शेवंती?" खोताने विचारलं.

होडीत कोणी वर बघेना. मग धाकूच बोलला, "जिका मी होडयेत घेतलंय नाय, ती."

खोताने पाय उचलला, लाकडाला कपाळ टेकलं. होडी हलली. आवडाने त्याला काठाला लावलं, पण तो जिवंत असेपर्यंत त्याच्याशी शब्द बोलली नाही. वाचवलं म्हणजे माफ केलं, असं थोडंच असतं?

अजूनही आपल्या तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, चढताना मधल्या लाकडावर कोणी पाय देत नाही. होडी सुटण्याआधी तारी काठाकडे वळून हाक मारतो, "शेवंते, येतंस गो?" घटकाभर थांबतो, मगच वल्हं मारतो. आजारी माणसाला मागे ठेवून तर होडी सुटतच नाही.

गावाने पुढे तरीचा मान सुताराच्या घरालाच दिला. आवडाला उतारवयात मुलगी झाली. तिचा वंश खाडीच्या दोन्ही काठांना पसरला, आणि त्यातलं एकही माणूस आजवर पाण्याने नेलं नाही. घराला मात्र त्यांनी दार कधीच बसवलं नाही.