पुसलेले थापे

एका राज्यात दारे माणसाला हातावरून ओळखत. मुलगी वयात आली की तिने गेरूत पंजा बुडवून घराच्या दारावर थापा उठवायचा, अशी तिथली चाल. सासरी गेली की तिथल्या दारावर नवा थापा. ज्या हाताचा थापा, त्या हाताला दार उघडे. कुणाला विचारणे नाही, सांगणे नाही.

मग डोंगरावरून महंत वज्रमौनी उतरला. मंत्रविद्येत पारंगत, आणि जिभेवर सदा देवाचे नाव. राजा मंदारसेन दुखण्याने खंगला होता; महंताने त्याला बरे केले आणि त्याचे राज्य मुठीत घेतले. त्याने दवंडी पिटवली, "बाईचा थापा देवाला खुपतो. जोवर तो दारावर आहे, तोवर घरच्या पुरुषाचे आयुष्य रोज झिजते. तो बाईच्याच हाताने पुसला जावा." बाईच्याच हाताने, हे तो मुद्दाम म्हणाला, कारण त्यावाचून मंत्र लागत नव्हता. बायकांनी पुसले. कुणी रडत पुसले, कुणी पुण्य लागेल म्हणून. पुसलेला प्रत्येक थापा उडून महंताच्या भुयारात जाऊन बसला, आणि दारे फक्त घरच्या पुरुषाला उघडू लागली. मग देऊळ बांधायला म्हणून महंताने पुरुषांना डोंगरावर नेले. बायका घरात कोंडल्या त्या कोंडल्याच.

वेणाई नावाची सुईण तेवढी बाहेर राहिली. परगावचे बाळंतपण उरकून ती लेकीच्या दाराशी आली, तो दार बंद. लेकीचे नाव लोचना, तिला नववा सरत आलेला.

झरोक्यातून लोचना म्हणाली, "आई, पोट खाली उतरलंय. आणि मला एक सांग. मी काही थापा पुसला नव्हता. मग माझं दार का उघडत नाही?"

लोचनाने पुसायला नकार दिला होता. तेव्हा जावयाच्या जिवाला भिऊन, लेक झोपलेली पाहून, वेणाईनेच एका पहाटे ओल्या फडक्याने तो थापा पुसून टाकला होता. हे दाराआडून सांगायला तिची जीभ रेटेना.

वळचणीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "इथे उभी राहून दार उघडणार नाही. भुयाराकडे चल. वाटेत तीन अडसर आहेत, मी सोबत येते."

पहिला अडसर नदीचा. महंताने तिथे मागे ठेवलेला नावाडी म्हणाला, "पुरुषावाचून बाई नावेत चढत नाही. तुझा पुरुष कुठे आहे?"

वेणाईच्या झाडपाल्याचे गाठोडे तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या पागोट्यात बांधलेले असे. तिने ते सोडले आणि पुढे धरले. "हे त्यांचं पागोटं."

नावाड्याने पागोट्याला हात जोडले, त्याला मधल्या फळीवर बसवले आणि वेणाईला कडेला. मेलेल्याच्या फडक्याला मान आणि जितीला ओली फळी! असला तो धर्म. वेणाई कडेला बसली. तिला पलीकडे जायचे होते.

दुसरा अडसर भुयाराच्या तोंडाशी, पाच फण्यांचा नाग. तो म्हणाला, "शपथ घे, सोने न्यायला आली नाहीस."

"नाही आले. शपथ."

"बाईचा शब्द अर्धा धरावा, असा महंतांचा नियम आहे. उरलेला अर्धा कोण देणार?"

"मी," साळुंकी म्हणाली. "मीही मादीच आहे."

नागाने पाचही फण्यांनी विचार केला. नियमात खोट निघेना. त्याने वाट सोडली.

आत भिंतीभर थापे होते, लाल, जिवंत, बोटे मिटत आणि उघडत. मधोमध तिसरा अडसर, दगडाचे मुख. ते म्हणाले, "पुसले कुणी?"

"महंताने, असं सांगू नकोस," साळुंकी हळूच म्हणाली. "घरोघरी कोंडलेल्या सगळ्या तेच म्हणतात, म्हणून एकही सुटला नाही. खरं सांगितलंस तर सगळे सुटतील. पण ज्या हाताने पुसलास त्याचं बळ जाईल, ते परत यायचं नाही."

वेणाईने उजवा हात डोळ्यांपुढे धरला. "लोचनाचं मूल आडवं आहे. जाण्याआधी मी चाचपून पाहिलं होतं. आडवं मूल मी याच हाताने फिरवते."

"मग बोलू नकोस."

"न बोलून तरी तिच्यापर्यंत कशी पोचू?"

ती दगडी मुखापुढे उभी राहिली. "मी पुसला. माझ्या लेकीचा थापा, या हाताने."

भिंती मोकळ्या झाल्या. थापे भुयाराबाहेर उडाले, ज्याच्या त्याच्या दारावर जाऊन बसले. वेणाईचा उजवा हात खांद्यापासून लोंबू लागला.

ती परतली तेव्हा गावभर दारे उघडली होती. महंताचे सारे बळ त्या थाप्यांत होते. ते सुटताच तो पाला होऊन गळून पडला, आणि राजाच्या डोळ्यांवरची भुरळ उतरली. लोचना आत कळा देत होती. शेजारणी धावून आल्या. वेणाई उशाशी बसून सांगत राहिली, इथे धर, असे दाब, हळू. पण त्यांचे हात नवशिके होते, आणि सांगितलेले हातात उतरायला वेळ लागतो.

"आई, तू का हात लावत नाहीस?" लोचनाने विचारले.

वेणाईने सगळे सांगितले.

"त्या पहाटे मी जागीच होते," लोचना म्हणाली. "मलाही त्यांच्या जिवाची भीती वाटली, म्हणून डोळे मिटून पडले. परवा झरोक्यातून विचारलं, ते तू सांगशील म्हणून."

मूल झाले, मुलगी, धडधाकट. दिवस मावळण्याआधी लोचना गेली.

पुरुष घरी आले. राजा मंदारसेन स्वतः अनवाणी आला आणि म्हणाला, "तुझ्यामुळे राज्य ठिकाणावर आले. काय हवे ते माग."

"माझ्या लेकीच्या घराचं दार काढून न्या."

"चोर येतील."

"येऊ देत, महाराज. कुणालाही येऊ दे. आता इथे काही बंद राहायला नको."

सुतारांनी दार उतरवून नेले. आजही त्या घराला नुसती चौकट आहे, आणि वेणाई डाव्या हाताने नात मांडीवर सावरून तिथे बसते. कहाणी इथे सरली. सुफळ झाली की नाही, ते ऐकणाऱ्याने सांगावे.