तुळईला हवं होतं ओझं

घरं लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांवर उभी राहत, तेव्हाची एक सागवानी तुळई होती. ऐंशी वर्षं तिने माडी पेलली. मग घर पाडायचं ठरलं. लाकूड राडारोड्यात मिसळू नये, असा नियम होता. पण नियम कागदावर आणि ठेकेदार घाईत.

"सुटलीस म्हातारे!" पहार म्हणाली. "एक हिसका, दोन तुकडे, मग बेकरीची भट्टी. कायमचा आराम!"

"आराम कोणाला हवाय? डोक्यावर पावलं वाजल्याशिवाय मला करमत नाही गं."

"इतकी वर्षं दबलीस, तरी हौस फिटली नाही?"

तेवढ्यात भिकोबा सुतार आला. त्याने तुळईवर हातोडी हलकेच ठोकली आणि कान लावला. तुळईने सगळा जीव एकवटून खणखणीत आवाज दिला.

"गाभा जिवंत आहे," भिकोबा म्हणाला. "पहार खाली ठेवा. आधी खुंट्या काढू, म्हणजे अख्खी निघेल."

नव्या घराचं छत सिमेंटचं झालं. तुळई चिरून जिन्याच्या पायऱ्या केल्या. बरेच महिने त्या रिकाम्या घरात वाट पाहत राहिल्या. एका सकाळी घरची सून बाळाला कडेवर घेऊन वर चढली. पायरी करकरली.

"दुखलं का गं?" जिन्याखाली पडून राहिलेल्या पहारीने विचारलं.

"छे! किती दिवसांनी कुणीतरी आलं."