राजांचा चौकोन आणि नागूबायचे शिंपले

मुरणगडच्या रायाजीराजांच्या ताटातून पापलेट नाहीसं झालं आणि साऱ्या संस्थानावर संकट कोसळलं. पहिले चार दिवस राजांनी आचाऱ्याला झापलं, पाचव्या दिवशी दिवाणांना, आणि सहाव्या दिवशी स्वतःच उपाय शोधून काढला. समुद्राचा एक तुकडा राखून ठेवायचा. तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, म्हणजे मासे निवांत वाढतील.

उपाय वाईट नव्हता. पण तुकडा कुठला, हे राजांनी गच्चीत खुर्ची टाकून ठरवलं. समोर दिसलेल्या पाण्यावर बोटाने हवेतच एक चौकोन काढला, त्याच्या चार कोपऱ्यांना झेंडे लावलेले तराफे सोडले आणि फर्मान काढलं : 'महाराजांच्या खुर्चीसमोरचा समुद्र राखीव.' माशांना करमावं म्हणून रोज सकाळी तिथे होडीतून सनई-चौघडाही वाजू लागला.

दोन महिने गेले. पापलेट काही आलं नाही. कोळीच चोरून मासे मारत असणार, असं राजांनी ठरवून टाकलं. त्यांनी कोळीवाड्याला निरोप धाडला : समुद्रात किती मासे आहेत आणि कोण कुठे राहतं, याची पक्की मोजदाद पंधरा दिवसांत आणा, नाहीतर सगळ्या होड्या सरकारजमा.

कोळीवाड्यात रात्रभर खल झाला. शेवटी नागूबाय म्हणाली, मी आणते मोजदाद. ती रोज राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मासे पोचवायची, त्यामुळे राजांचा हट्ट तिला पुरता ठाऊक होता. तिचा नवरा लखमा कपाळाला हात लावून बसला. भीती नागूबायलाही होती. पण होड्या गेल्या तर पाटीत काय भरायचं, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी तिने किनाऱ्यावर एक जुनं शीड पसरलं आणि त्यावर कोळशाने सारा किनारा, खाडी, खडक काढले. होडी आली की ती विचारायची : जाळं कुठे टाकलं, काय मिळालं? मग त्या जागी शिंपले मांडायची. क्वचित सापडणाऱ्या पापलेटाला पांढरे, सुरमईला तपकिरी, कोळंबीला बारीक पिवळे. मासळी चिरताना पोटात गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, सापडली की तिथे लाल गुंज. तळ कसा आहे तेही तिला हवं होतं. म्हणून तिने दोरीला शिशाचा गोळा बांधला, त्याला खालून मेण फासलं आणि जागोजागी पाण्यात सोडायला लावला. मेणाला कुठे वाळू चिकटून आली, कुठे चिखल, कुठे शेवाळ.

दहाव्या दिवशी शिडाकडे बघून लखमाचं तोंड उतरलं. लाल गुंजांचा ढीग पडला होता घोडेखडकाजवळ, आणि घोडेखडक ही लखमाच्या बापापासूनची जाळं टाकायची जागा. एक मूठभर गुंजा इकडेतिकडे सरकव, असं त्याने सुचवून पाहिलं. नागूबायने नकार दिला. लखमा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र शीड दरबारात न्यायला त्यानेच खांदा दिला.

दरबारात शीड उलगडलं आणि नागूबायने शिंपले, गुंजा पुन्हा जागच्या जागी मांडल्या. राजे त्याभोवती फिरून म्हणाले, "नक्षी झाली. आकडा कुठे आहे?"

"आकडा जवळजवळ तयार आहे, महाराज," नागूबाय म्हणाली. "फक्त आज दुपारचा हिशेब वजा करायचा राहिलाय. आज जेवणात काय होतं?"

"तळलेली गाभोळी," राजे म्हणाले. आठवणीनेच त्यांना बरं वाटलं.

"किती खाल्लीत?"

"चार तुकडे."

"त्या चार तुकड्यांत किती हजार मासे व्हायचे होते, तेवढं सांगा. मी लगेच वजा करते."

राजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण पागोटं सारखं करू लागले.

"नाहीतर असं करू," नागूबाय पुढे म्हणाली, "मोजदाद संपेपर्यंत महाराजांनी मासे सोडावेत. म्हणजे आकडा हलणार नाही."

"आकडा राहू दे," राजे घाईघाईने म्हणाले. "कोण कुठे राहतं तेवढं सांग."

तिने सांगितलं. घोडेखडकाच्या शेवाळात पापलेट आणि सुरमई अंडी घालायला येतात. शेजारच्या खाडीत, तिवरांच्या झुडपांच्या मुळांत, पिल्लं वाढतात. तेवढा तुकडा राखला तर बाकी समुद्रात जाळी टाकूनही सगळ्यांना पुरेल. आणि राजांच्या चौकोनात आहे नुसती वाळू, शेवाळसुद्धा नाही. रहिवासी तीन : एक म्हातारा खेकडा आणि त्याच्या दोन बायका.

"मग माझे सनईवाले अडीच महिने कुणासाठी वाजवताहेत?"

"खेकड्याला आवडतं म्हणे," नागूबाय म्हणाली. "बायका बिळातून बाहेर येत नाहीत."

दरबारात खसखस पिकली, पण राजांचा चेहरा कडक झाला. बाईचं म्हणणं त्यांना पटलं होतं आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. ते म्हणाले, "राजाचं फर्मान मागे घेता येत नाही. खुर्चीसमोरचा समुद्र म्हटलंय, तोच राखीव राहील. एक अक्षर बदलणार नाही."

दिवाणांनी मान डोलावली. लखमाने डोळे मिटून घेतले. नागूबायने एकदा शिडाकडे आणि एकदा राजांकडे पाहिलं.

"अक्षर कशाला बदलायचं, महाराज?" ती म्हणाली. "खुर्ची उचलू या."

मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे हसत सुटले की दिवाणांनी घाबरून पाणी मागवलं. त्याच संध्याकाळी आठ भोयांनी ती खुर्ची घोडेखडकासमोरच्या टेकाडावर नेऊन ठेवली. चौकोनाचे झेंडेही तिथल्या पाण्यात गेले. लखमाला जाळ्यासाठी दुसरी चांगली जागा मिळाली.

नागूबायला राजांनी पैठणी दिली आणि वर एक मान दिला, जो संस्थानात आजवर कुणाला मिळाला नव्हता. दरवर्षी तिने शिंपले मांडायचे, आणि महाराजांनी कुठे बसायचं ते तिने सांगायचं.