वैशाखाची रेघ

डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट. एका डोंगराच्या अलीकडे नदीकाठी छोटं गाव होतं आणि पलीकडे राजाचं तहानलेलं शहर.

गावात एक पाथरवट राहत असे. गावाच्या वरच्या अंगाला नदीत एक काळा खडक होता. त्यावर पाथरवटाच्या आजोबांनी एक रेघ कोरली होती. ऐन वैशाखात नदी जिथवर उतरे, तिथे ही रेघ. कुणी पाट काढला, तर त्याच्या तोंडाचा उंबरठा रेघेच्या वर ठेवायचा, अशी गावची रीत होती. रेघेखालचं पाणी नदीचं. ते कुणी वळवत नसे.

पुढे राजाने डोंगर पोखरून पाणी शहरात न्यायचं ठरवलं. दहा वर्षं बोगदा खणला गेला. त्याचं तोंड काळ्या खडकापाशीच होतं आणि तिथे उंबरठ्याचा दगड बसवायचं काम पाथरवटाकडे आलं. त्याने रीतीप्रमाणे तो बसवला.

त्याची एकुलती एक लेक शहरात दिली होती. ती माहेरी आली, तेव्हा तो कौतुकाने म्हणाला, "आता पावसाळ्यात तुमची तळी भरतील बघ."

"आणि ती आटल्यावर?" लेकीने डोक्यावरचा पदर मागे सारला. घागरींच्या ओझ्याने तिथले केस विरळ झाले होते. "उन्हाळ्यातच तर दोन कोस चालावं लागतं, आबा. पण तुम्हाला नदी लाडकी. लेकीपेक्षाही."

 दुसऱ्या दिवशी पाणी सोडायच्या आधी पाथरवट छिन्नी घेऊन बोगद्याशी गेला. 'रेघेखाली एक वीत तर जायचं,' असं मनाला समजावत त्याने उंबरठा तासून खाली उतरवला.

शहरात पाणी पोचलं. लोकांनी दारांना तोरणं बांधली.

वैशाख आला. नदी रेघेच्या खाली गेली आणि उरलंसुरलं सगळं पाणी बोगद्यात वळलं. गावापाशी नुसते गोटे राहिले.

"उंबरठा रेघेखाली गेला, आम्हाला नाही कळलं," शेजारची म्हातारी म्हणाली. "तुला तरी ठाऊक होतं रे."

तो राजाच्या कारभाऱ्याकडे गेला. "वीतभर दगड परत बसवू द्या, मालक."

"पाणी आलं तसं शहर दुप्पट झालंय," कारभारी म्हणाला. "कुणाच्या घागरीतलं काढू? तुझ्या लेकीच्या?"

पाथरवट मान खाली घालून परतला. एकेक घर उठून गेलं. तो एकटाच राहिला.

दोन वर्षांनी लेक आली. रिकाम्या घरांमधून चालत ती दाराशी थांबली. माहेरी आलेल्या लेकीच्या पायांवर उंबरठ्याशी पाणी घालायची गावची पद्धत. पाथरवट मडक्याकडे गेला आणि तसाच मागे फिरला.

तिने कडेवरची घागर त्याच्यापुढे ठेवली. "घ्या, आबा. तुमच्याच नदीचं आहे."

त्याने ओंजळ भरली. तो प्यायला नाही. लेकीच्या पायांवर ती सोडून तो तिथेच बसला. पायांखालची माती बघता बघता सुकली.

तहानलेल्याला पाणी जरूर द्यावं, पण देणाऱ्या नदीचा वाटा आधी नदीजवळ राहू द्यावा.