गावड्यांचा अडलेला बार

आडखोलला सडक नव्हती, घाट पायी उतरावा लागे, तेव्हाची ही गोष्ट. गावात धाकू नावाचा लोहार होता. त्याने घडवलेला कोयता आजा वापरी आणि नातू वापरी, तरी धार जात नसे, असं म्हणतात.

गावड्यांच्या घरी ठासणीची जुनी बंदूक होती. देवीची पालखी उठायची ती त्या बंदुकीच्या बारावर. एका वर्षी थोरल्या गावड्यांनी दारू ठासून बार भरला आणि उडवण्याआधीच ते अंगणात कोसळले. तिथेच गेले. घराला सुतक आलं. भरलेली बंदूक तशीच खुंटीला लागली. पुढे पालखी मुकीच उठू लागली.

मुलगा नारो हाताशी आला, तेव्हा गावड्यांची विधवा भागीकाकी बंदूक घेऊन धाकूकडे आली. घोडा गंजला होता. लाकडी दस्ता वाळवीने खाल्ला होता.

"नीट करून दे. पण आतला बार काढू नकोस. तो त्यांच्या हातचा आहे. या पालखीला नारो तोच उडवील."

धाकूने शिसवीचा नवा दस्ता बसवला. घोडा तेलात भिजवून सोडवला. पण भरलेल्या नळीजवळ विस्तव नेता येईना, म्हणून त्याने भट्टीच विझवली. बाराच्या तळाशी नळी गंजाने किती खाल्लीय, ते कळायला वाट नव्हती. नळी फुटली तर पोराचं तोंड जाणार.

त्या दिवसापासून धाकूचं बूड टेकलं नाही. जेवता जेवता उठायचा आणि नळीला कान लावायचा. आतून कोणी दार ठोठावतंय असं त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. बंदूक खांद्यावर टाकून तो पाणंदीने फेऱ्या मारायचा.

"काय रे धाकू, लग्न लावलंस की काय हिच्याशी?" पाणवठ्यावरच्या बायका विचारत.

"नांदते का बघतोय," तो म्हणे आणि चालू लागे.

शेवटी तो काकीच्या दारात गेला. "काकी, बार काढू द्या. नळीचा भरवसा नाही."

"मग तू नीट काय केलंस?"

ते त्याला इंगळासारखं लागलं. तो परत फिरला.

पालखीच्या दिवशी नारोने हात पुढे केला. धाकूने बंदूक सोडली नाही.

"मान आमच्या घराचा आहे, लोहारा!" काकी कडाडली.

"मान तुमचाच. काम माझं. आधी मी."

सगळ्यांना त्याने मागे सारलं आणि चाप ओढला.

धूर निवळला तेव्हा नळी शाबूत होती. धाकूही उभा होता. काकीने पदर डोळ्यांना लावला. पण आवाज डोंगराकडे गेला तो घुमून परत आलाच नाही. वर्षभर धाकू डोंगराकडे कान लावून हिंडला. पुढच्या वर्षी पालखी उठली आणि नारोने चाप ओढण्याआधीच डोंगरातून तो बार परत आला, असं म्हणतात. तेव्हा कुठे धाकू खाली बसला.

आता आडखोलला सडक आहे. तरी ओढ्यावर साकव घातला की घालणारा आधी एकटा पलीकडे जाऊन येतो. झोपाळ्याला नवी कडी लागली की लावणारा पहिला झोका घेतो. तोवर पोरं पुढे धावली, तर म्हातारी माणसं त्यांना धरून ठेवतात.

"थांब. धाकूचा बार होऊ दे."