सरांना लागलेली तीन मिनिटं

नांदेडच्या घाटपांडे सरांच्या शिकवणीत एमबीए प्रवेशपरीक्षेच्या तर्कप्रश्नांची तयारी चाले. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून चाचणी व्हायची. झपाट्याने सोडवणारी मुलं सर स्वतःकडे घेत, बाकीची मदतनिसाकडे जात. रेवती काळदाते बाकीच्यांत होती. उतारा वाचून झाला की ती क्षणभर थांबायची: यात दावा कोणता आणि तो कशावर उभा आहे?

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा तिने सरांच्या तुकडीत जाऊन भर वर्गात विचारलं, "सर, आम्हालाही तुम्ही शिकवाल का?"

सरांनी घड्याळ उचललं. "माझी मुलं मिनिटात प्रश्न सोडवतात, तुम्हाला तीन लागतात. म्हणजे वेग येतो तो माझ्या शिकवण्याने. यात खोट काढून दाखव, मग शिकवतो. एक मिनिट देतो."

रेवती नेहमीसारखीच थांबली. पुढची मुलं हसली.

"सर, जलद मुलं तुम्ही आधीच वेचून घेतलीत. वेग त्यांना तुमच्याकडे मिळाला, की त्यांनी येतानाच सोबत आणला, हे तुम्हाला तरी कसं कळणार? आम्हाला शिकवून बघा, म्हणजे कळेल."

सर उत्तर शोधू लागले. हातातल्या घड्याळात मिनिट संपलं, दुसरंही संपलं. तिसरं संपता संपता ते म्हणाले, "उद्यापासून तुमची तुकडी मी घेतो."